ग्लासभर दृष्ट

माझ्या स्मरणशक्तीबद्दल जबलपुरात कुणाला शंका असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत मी चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. साडेचार हजार प्रकारचे नट, बोल्ट आणि वॉशर, आणि त्यांचे लांबलचक नंबर मला तोंडपाठ होते. आजही गाढ झोपेतून उठवून विचारा, पावणेदोन इंची बोल्ट कुठे? रॅक सतरा, खाना चार, डावीकडून तिसरा डबा! तो रॅक भंगारात जाऊन अकरा वर्षं झाली, पण माझ्या डोक्यात तो अजून जागच्या जागी उभा आहे.

अडचण फक्त ताज्या मालाची होती. जुना साठा शाबूत. नवीन आलेलं काही रॅकवर चढायलाच तयार नाही.

नोव्हेंबरात फॅक्टरीतल्या एका जुन्या सोबत्याच्या तेरवीला गेलो. घराचा नंबर घरून निघताना पाठ केला होता. आधारतालपर्यंत येईतो विसरलो. एका गल्लीत मांडव दिसला, पांढरे कपडे दिसले, शिरलो. कुणीतरी म्हणालं, "अंकलजी, दो शब्द कहिए." मी आठ मिनिटं बोललो. "असा इमानदार माणूस होणे नाही! चौतीस वर्षांत फॅक्टरीतून एक खिळा घरी नेला नाही! आणि त्या मिशा! काय रुबाब होता त्या मिशांचा!" लोक माझ्याकडे जरा विचित्र पाहत होते. मला वाटलं, गहिवरले. मग हार घालायला फोटोजवळ गेलो, तर फोटोत नव्वदीच्या आजीबाई.

हे सगळं एका भल्या माणसानं मोबाइलवर टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते पुण्याला पोचलं. पुण्याला म्हणजे आमच्या चिरंजीवांकडे, विपुलकडे.

"बाबा, बस झालं," विपुल फोनवर म्हणाला. "जानेवारीत येतो. दोन दिवस राहून स्वतः बघतो. त्यात अशी एक जरी भानगड झाली ना, तर तुम्हाला आणि आईला घेऊनच परत येणार. इथं खोली तयार आहे."

खोली चौदाव्या मजल्यावर आहे. मी तिथं आठ दिवस काढून आलोय. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात, आणि लिफ्टमध्ये शेजारी उभी राहिली तरी बोलतात मुंग्यांएवढंच. आमच्या सौ. म्हणजे बेबी. वय सदुसष्ट, पण माहेरी ठेवलेलं नाव बदलायचं राहून गेलं. तिचा तर वेगळाच राग. "मी त्या लिफ्टमधल्या बाईला म्हटलं, भाजी आणून राहिली का? तर ती मला हिंदीत विचारते, आप कहाँ से हैं! मराठीत बोलली ना मी? मग काहून?"

थोडक्यात, आम्हाला जबलपुरातलं आमचं महाराजपुर सोडायचं नव्हतं. त्यासाठी माझं डोकं दोन महिन्यांत दुरुस्त होणं भाग होतं.

मदन महलला श्रीकांत नावाचा एक तरुण वैद्य आहे. त्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली, तेरवीचा किस्सा ऐकला (हसू दाबताना त्याची खुर्ची हलत होती) आणि म्हणाला, "काका, कोहळा घ्या."

"तो वड्यांत घालतात तो?"

"तोच. ग्रंथांत त्याला मेध्य म्हटलंय, बुद्धीला हितकर. पण थंडीचे दिवस आहेत, कोवळा नको, सर्दी धरेल. चांगला पिकलेला, जुना पाहून घ्या. कोवळा पित्तावर, जुना मनावर, असं जुने वैद्य सांगतात. अंगावर पांढरी राख चढलेली पाहिजे. सकाळी उपाशीपोटी रस, चाळीस दिवस."

"मग सगळं आठवेल?"

"निदान घाबरणं कमी होईल. माणूस घाबरला की जास्त विसरतो."

आमच्या इकडे कोहळ्याला रखिया म्हणतात आणि लोकांना त्याचा एकच उपयोग ठाऊक. भाजीवाला रोज विचारायचा, "काए चाचा, रोज-रोज बड़ी बनत है का?" मी म्हणायचो, "नहीं भैया, दिमाग बनत है." पस्तिसाव्या दिवशी तो मला म्हणाला, "चाचा, पइसे तो देते जाओ." पण ते सोडा. फरक पडत होता! बेबीचा वाढदिवस मला चक्क आदल्या दिवशी आठवला. तिचा वाढदिवस आदल्या महिन्यात होऊन गेला होता, हा तपशील.

आता शेजारच्या अनुपमकडे येतो. कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला.

अनुपमचं रिछाईच्या कारखानेवस्तीत छोटंसं वर्कशॉप आहे. लोखंडी कपाटं बनवतो. आठ कामगार, एक प्रेस मशीन, आणि या सगळ्यांच्या वर त्याची आई, इंदिराबाई. त्या अमरावतीकडच्या. वर्कशॉप सुरू झालं तेव्हा त्यांनी दारावर हा घागरीएवढा कोहळा शिंक्यात टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याची जी काही वाईट नजर असेल ती दारातच कोहळ्यानं झेलायची. वर्ष भरलं की तो उतरवून नर्मदेत सोडायचा आणि नवा टांगायचा. तोपर्यंत त्याला कापणं-चिरणं सोडाच, घरात आणणंसुद्धा इंदिराबाईंना चालत नाही.

गुरुवारी संध्याकाळी अनुपम पोत्यात काहीतरी घेऊन आला.

"काका, तुम्ही अमावस्येला नर्मदेवर ग्वारीघाटला जाताच ना? हा वर्कशॉपचा जुना कोहळा तेवढा सोडून द्या. माझी डिलिवरी आहे. परवा, शनिवारी. लक्षात राहील?"

मी हसलो. "अनुपम, रॅक सतरा, खाना चार!"

"म्हणजे काय, काका?"

"म्हणजे राहील!"

आणि पोतं हातात घेऊन मी आत गेलो. कोहळा ठेवायची आमच्या घरात एकच जागा आहे, स्वयंपाकघरात ओट्याखाली, जिथे माझा औषधाचा कोहळा असतो. स्टोअरचा नियमच आहे, एका जातीचा माल एका खान्यात! मी तो काढून नीट मांडून ठेवला. रिकामं पोतंही घडी घालून ठेवलं. चौतीस वर्षांची शिस्त!

शनिवारी पहाटेच्या गाडीनं विपुल आला. आल्या-आल्या त्यानं माझ्याकडे जे पाहिलं, तसं पूर्वी फक्त ऑडिटवाले पाहायचे. "बाबा, आज तारीख काय?" मी सांगितली. "वार?" सांगितला. "माझं लग्न कधी झालं?" "तुझ्या चुकीनं झालं, पण तारीख सात डिसेंबर!" तो हसला नाही, पण मान हलवली. मला जोर चढला. बेबी आंघोळीला गेली होती. म्हटलं, आजचा रस आपण स्वतः काढायचा आणि पोरालाही पाजायचा.

ओट्याखाली वाकलो. तिथे दोन कोहळे. एक आपला नेहमीचा, भाजीवाला देईल तसा, हिरवट, तुकतुकीत. आणि दुसरा... काय सांगू! आयुष्यात असा कोहळा पाहिला नव्हता. अंगभर पांढरी राख. साल हाडासारखी टणक. असा जुना, असा पिकलेला, की श्रीकांतनं पाहिला असता तर नमस्कार केला असता. बेबी कुठून शोधून आणते एकेक! देठाला काळा दोरा होता. टिकावा म्हणून बांधला असेल. पोटावर कुंकवानं काहीतरी काढलं होतं. भाजीवालेही हल्ली मालावर खुणा करतात. मी ते सगळं नळाखाली स्वच्छ धुतलं, दोरा कापून बाजूला टाकला आणि सुरी चालवली.

रस निघाला जेमतेम दीड ग्लास. चव किंचित लोखंडी.

"बाबा, ये तो कुछ अजीब है," विपुल अर्धा ग्लास संपवून म्हणाला.

"लोह आहे त्यात. अंगाला लागतं."

पावणेदहाला अनुपमचा फोन आला.

"काका, डिलिवरी पुढे गेली. आई म्हणून राहिली, आपणही घाटावर चलू. तीन वाजता गाडी काढतो. तुम्ही फक्त तो कोहळा तयार ठेवा."

"कोणता कोहळा?" मी विचारलं.

आणि विचारता विचारता मला आठवलं. सगळंच आठवलं! अनुपम, पोतं, रिछाई, शिंकं, काळा दोरा. चाळीस दिवसांचा गुण एका झटक्यात आला.

"काका? आहात ना?"

"आहे. तयार आहे. म्हणजे... तयारच आहे."

फोन ठेवला तेव्हा बेबी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चिमटीत काळा दोरा होता.

"अहो," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. बेबी ओरडते तेव्हा मी घाबरत नाही. "हा दोरा इंदिराताईंच्या हातचा आहे. कोहळा कुठंय?"

मी सिंककडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

"तुम्ही प्यालात?"

"थोडा विपुलही प्याला."

"अख्ख्या रिछाईची वर्षभराची दृष्ट! आणि तुम्ही ती पोराला ग्लासात घालून दिली!"

"हळू बोल. त्याला कळलं तर आपण सोमवारी चौदाव्या मजल्यावर."

त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतून धाडकन आवाज आला. विपुलचं डोकं कपाटाच्या उघड्या दारावर आपटलं होतं. ते दार गेली सहा वर्षं उघडंच असतं आणि आलेला प्रत्येक माणूस त्यावर डोकं आपटतो. पण बेबीनं माझ्याकडे पाहिलं. "सुरू झालं," ती म्हणाली.

तिनं मीठ-मोहरी काढली. मग तशीच मूठ धरून थांबली. "बाहेरून लागलेली दृष्ट ओवाळून निघते. आत गेलेली कशी काढायची हो? पोटावरून ओवाळू का?"

मलाही ठाऊक नव्हतं. विपुलला उचकी लागली. मग त्याचा लॅपटॉप बंद पडला. मग त्याच्या चहात माशी पडली. जानेवारीत! बेबी प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहायची आणि मी ओट्याखाली पाहायचो. तिथे आता एकच कोहळा उरला होता, माझा, हिरवट, तुकतुकीत, नवरदेवासारखा टवटवीत. तीन वाजायच्या आत त्याला एक वर्षानं म्हातारा करायचा होता.

"विपुल, जरा केस कापून ये ना," बेबी बाहेर जाऊन म्हणाली.

"आई, मी परवाच कापलेत."

"तर दाढी कर."

"केलीय!"

शेवटी त्याला अर्धा किलो खोवा आणायला आधारतालला पिटाळलं आणि आम्ही कामाला लागलो. राख कशाची आणायची? पीठ लावून पाहिलं, गोळे झाले. रांगोळी लावून पाहिली, घरंगळली. बेबीनं आपल्या कपाटातून चंदनाची पावडर काढली. कापूस घेऊन थापली. कोहळा असा दिसायला लागला की लग्नाला निघालाय.

"आता कुंकू," बेबी म्हणाली. "काय काढलं होतं?"

"कशावर?"

"कोहळ्यावर! सकाळी तुम्हीच धुतलं ना! स्वस्तिक होतं? त्रिशूळ होतं? ओम होता?"

मी डोळे मिटले. सगळी ताकद लावली. पावणेदोन इंची बोल्ट दिसला. सत्याऐंशी सालच्या स्टॉक-रजिस्टरचं पान दिसलं, त्यावर पडलेला चहाचा डाग दिसला, डागाचा आकारही दिसला. सकाळी सात वाजता माझ्या स्वतःच्या हातानं पुसलेली खूण काही दिसेना!

"आठवा ना!"

"आठवतोय! तू घाबरवू नको."

"अडीच वाजले!"

"पुसट कर," मी म्हणालो. "वर्षभर ऊन-पाऊस खाल्लाय. काय होतं ते कोण सांगू शकणार आहे?" बेबीनं बोटानं एक लाल फराटा ओढला, जो स्वस्तिकही असू शकला असता, त्रिशूळही, आणि नीट पाहिलं तर मध्य प्रदेशचा नकाशाही. सकाळचा दोरा धुऊन पुन्हा बांधला. तेवढ्यात विपुल आला. खोवा ठेवला. ओट्यावरचा कोहळा, चंदनाचा डबा, आणि माझ्या नाकावरची पावडर, तिन्ही गोष्टींकडे त्यानं आळीपाळीनं पाहिलं.

"मी पण येतो घाटावर," तो म्हणाला.

"तुझं काय काम?"

"काही नाही. बघतो."

गाडीत पुढे अनुपम आणि इंदिराबाई, मागे मी आणि विपुल, माझ्या मांडीवर कोहळा. महाराजपुरापासून ग्वारीघाटपर्यंत सगळं शहर ओलांडायचं. इतका लांब प्रवास मला नागपूरला जातानाही वाटला नव्हता. प्रत्येक गतिरोधकाला कोहळ्याच्या अंगावरून पांढरा ढग उठायचा आणि माझ्या काळ्या पँटवर बसायचा. मी तो हातानं झटकायचो, तर हात पांढरे. हात शर्टला पुसायचो, तर शर्ट. कोहळा हळूहळू तरुण व्हायला लागला आणि मी म्हातारा.

इंदिराबाईंनी नाक वर केलं. "कशाचा वास येऊन राहिला हो, भाऊजी?"

"विपुलचा. पुण्याचा सेंट आहे."

विपुल खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "हो. नवीन आहे. कोहळ्याला पण थोडा लागलाय."

कार्ट्याला किती कळलंय? सगळं? अर्धं? आणि कळलंय तर बोलत का नाही? ऑडिटवालेही असेच. पहिल्या दिवशी चहा पितात, गप्पा मारतात. रिपोर्ट नंतर येतो.

घाटावर पोचलो. अमावस्येमुळे गर्दी होती. गार वारा सुटला होता. पायऱ्या उतरताना मी कोहळा पोटाशी धरला होता, म्हटलं, शेवटच्या पायरीवरून थेट पाण्यात, मग कुणाचा बाप ओळखतो!

"थांबा, भाऊजी," इंदिराबाई म्हणाल्या. "माझ्या हातानं सोडते."

आणि त्यांनी हात पुढे केले. काय करणार? दिला. तो हातात पडताच त्या खाली वाकल्या.

"अगंबाई! हा तर मी एका हातानं टांगला होता! एवढा जड कसा झाला?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. जुना कोहळा वाळून हलका होतो, हे मला आणि विपुलला माहीत होतं. विपुलच्या भुवया वर गेल्या. मी तोंड उघडलं, आणि त्यातून काय बाहेर पडणार आहे याची मलाही कल्पना नव्हती.

"वर्षभराची दृष्ट आहे त्यात, वहिनी. वजन तर वाढणारच!"

एक क्षण मला स्वतःचा अभिमान वाटला. पुढच्याच क्षणी इंदिराबाई पायरीवर बसल्या. कोहळा मांडीत, पदर डोळ्यांना.

"एवढी नजर? माझ्या एकुलत्या एका पोरावर एवढी नजर?" त्या बोटं मोजायला लागल्या. "दिवाळीत त्या कामगाराचा हात पत्र्यानं कापला. परवा प्रेस अडकलं. मी म्हणून राहिली, होतं असं. आता कळलं! अनुपम, सोमवारी वर्कशॉपला टाळं लाव."

"आई!"

"मशीन विकून टाक. नोकरी कर. उद्या त्या मशीनमध्ये तुझा हात गेला तर? मला नाही पाहिजे ती कपाटं!"

"आई, सात वर्षं लागली उभं करायला. आठ घरं आहेत त्यावर. एका कोहळ्यावरून..."

"पाच-सात किलो दृष्ट आहे त्यात! तूच उचलून बघ!"

अनुपमनं उचलून पाहिला. आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला मुलगा. पण कोहळा हातात तोलताना तोही पांढरा पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही तरी समजवा ना आईला."

समजवायला एकच वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य बोललं की वर्कशॉप वाचतं आणि मी पुण्याला जातो. नाही बोललं तर मी महाराजपुरात राहतो, आणि रोज सकाळी शेजारच्या दारात बेकार अनुपम बसलेला बघतो. एका बाजूला नर्मदा, दुसऱ्या बाजूला विपुल.

"वहिनी," मी म्हणालो, "हा तुमचा कोहळा नव्हे."

"काय?"

"हा माझा. औषधाचा. काल आणलेला, म्हणून जड. वर पावडर लावलीय, बेबीची. यात दृष्टबिष्ट काही नाही. वर्कशॉप बंद करू नका."

"मग आमचा कुठंय?"

मी पोटावर हात ठेवला. "इथं." मग बोटानं दाखवलं. "थोडा तिथं. विपुलच्यात."

शेजारी दिवे सोडणाऱ्या दोन बायका दिवे सोडायचं विसरून आमच्याकडे पाहायला लागल्या. मी विपुलकडे पाहायचं टाळलं. अनुपमचे खांदे हलायला लागले. रडतोय की हसतोय हे कळेना. इंदिराबाई मात्र उठल्या. डोळे पुसले. पदर खोचला.

"सगळा प्यालात?"

"रस तेवढा. चोथा कचरागाडीत गेला."

"कोणी सांगितलं होतं का तुम्हाला प्यायला?"

"विसरलो, वहिनी," मी म्हणालो. हा शब्द विपुलच्या समोर उच्चारायचा नाही म्हणून मी चाळीस दिवस रस प्यालो होतो. "सगळंच विसरलो. तो तुमचा आहे, सोडायचा आहे, काही आठवलं नाही."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण इंदिराबाईंनी एकदम हात जोडले. "शंकरानं विष प्यालं तसं प्यालात, भाऊजी! माझ्या पोराची बला स्वतःच्या अंगावर घेतलीत!"

"नाही, नाही, तसं काही..."

"पण विसर्जन तर करावंच लागेल," त्या म्हणाल्या.

"कशाचं? कोहळा तर..."

"तुमचं! दृष्ट आता तुमच्यात आहे ना? चला, उतरा. पाच डुबक्या. ए विपुल, तू पण!"

"मावशी, मी अर्धाच ग्लास..."

"मग तू तीन मार!"

जानेवारीतली नर्मदा काय असते हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच ठाऊक. तरी मी डोकं शाबूत ठेवलं. चष्मा काढला, घड्याळ काढलं, कवळी काढली, पाकीट काढलं, सगळं मोजून अनुपमच्या हाती दिलं आणि मग उतरलो. पहिल्या डुबकीला श्वास गेला. दुसरीला पायाची बोटं गेली. तिसरीला बाजूला विपुलचं डोकं वर आलं, आणि एकाएकी त्याचा चेहरा असा झाला जसा सकाळी पावणेदहाला माझा झाला असावा. त्यानं खिशात हात घातला. नवा मोबाइल बाहेर काढला. त्यातून नर्मदा गळत होती.

मी काहीच बोललो नाही. दात कुणाकडे होते!

रात्री विपुल जेवला आणि झोपला. मोबाइल तांदळाच्या डब्यात झोपला. बेबीनं मला फक्त एवढंच विचारलं, "चौदाव्या मजल्यावर ऊन येतं का हो? वड्या वाळतील?" आणि भिंतीकडे तोंड केलं.

रविवारी सकाळी विपुल शिंकत-शिंकत चहा घेऊन समोर बसला. "बाबा, बसा. आई, तू पण ये. मला बोलायचंय."

बेबी येऊन दाराशी टेकली. मी बसलो. रिपोर्ट आला होता.

"काल जे झालं..." विपुलनं सुरुवात केली, आणि बेल वाजली.

दारात एक अनोळखी गृहस्थ. गळ्यात सोन्याची साखळी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मागे त्यांची बायको, आणि रस्त्यावर आणखी एक स्कूटर थांबत होती. इंदिराबाईंनी रात्रीतून काय-काय कुणाला सांगितलं होतं, देव जाणे.

"चाचाजी नमस्ते. रिछाई में हमारी पाइप की फैक्टरी है." त्यांनी आवाज खाली आणला. "सुना है, आप नज़र पी लेते हैं?"

"क्या?"

"हमारे यहाँ रखिया नहीं टाँगते." त्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत वाळून काळी पडलेली लिंबं आणि मिरच्या. "नींबू-मिर्ची चलेगी?"

त्यांना चहा पाजून, पाया पडू न देता, स्कूटरवाल्यासकट वाटेला लावायला अर्धा तास गेला. परत आलो तर विपुल तसाच बसलेला, चहाचा कप हातात, डोळे मिटलेले.

"हं," मी म्हणालो. "काय ठरवलंस?"

"बाबा, तुम्ही इथेच राहा."

बेबीच्या हातातलं फडकं पडलं. मी छाती पुढे काढली. "म्हणजे पटलं ना, डोकं माझं..."

"डोक्याचं नावही काढू नका! आमच्या सोसायटीत सातशे फ्लॅट आहेत. तिथं हे असं सुरू झालं तर मला घर बदलावं लागेल." त्यानं नाक शिंकरलं. मग कपाकडे पाहत म्हणाला, "आणि इथं तुम्ही काही विसरलात तर चार माणसं धरून नदीत तरी बुडवतात. तिथं कोण बुडवणार?"

असं आहे सगळं. मला महाराजपुरात राहायचं होतं, राहिलो. श्रीकांत वैद्य सांगत फिरतो की ही कोहळ्याची किमया. तुम्ही म्हणाल, खरं कारण काय? कशामुळे राहिलात? तेवढं मात्र विचारू नका, मला आठवत नाही!